नदीत फेकलेले छापयंत्र

शास्त्रवाचन : यिर्मया ३६:२०-३२



यिर्मयाच्या छत्तिसाव्या अध्यायात थंडीच्या दिवसांतले एक चित्र आहे. वर्षाचा नववा महिना. यहोयाकीम राजा आपल्या हिवाळी महालात बसला आहे. पुढे शेगडी पेटली आहे. यिर्मयाने तोंडाने सांगितलेले आणि बारूखाने शाईने लिहून घेतलेले देवाचे वचन एक सेवक राजाला वाचून दाखवीत आहे. तीन-चार रकाने वाचून झाले की राजा चाकू घेतो, तेवढा भाग कापतो आणि शेगडीत टाकतो. पुन्हा वाचन, पुन्हा चाकू, पुन्हा शेगडी. असे करता करता सगळा पट जळून जातो. राजा भीत नाही, आपली वस्त्रे फाडीत नाही.

ह्या चित्रात आणखी तीन माणसे आहेत. एलनाथान, दलाया व गमऱ्या हे राजाचे सरदार. पट जाळू नये अशी त्यांनी राजाला विनंती केली. राजाने ऐकले नाही. त्यापुढे त्यांनी काही केल्याचे शास्त्र सांगत नाही. ते वाईट नव्हते. वचन खरे आहे हे त्यांना कळत होते. तरी पट जळाला.

अध्याय मात्र राखेपाशी संपत नाही. परमेश्वर यिर्मयाला दुसरा पट घ्यायला सांगतो. बारूख पुन्हा बसतो, पुन्हा शाई घेतो, जळालेले सर्व शब्द पुन्हा लिहितो, आणि त्यांत तशीच आणखी पुष्कळ वचने वाढतात. राजाच्या चाकूने एवढेच साधले की पहिल्यापेक्षा दुसरा पट मोठा झाला.

आज ह्या शास्त्रभागाच्या उजेडात मला तुमच्यापुढे एका माणसाचे जीवन ठेवायचे आहे. तो अमेरिकेतला, एकोणिसाव्या शतकातला, वर्तमानपत्राचा संपादक होता. त्याचे नाव एलायजा पॅरिश लव्हजॉय. एलायजा म्हणजे आपल्या शास्त्रातला एलीया. आपण हे मासिक हाती घेतो, वाचतो आणि टेबलावर ठेवून देतो. छापलेल्या चार पानांसाठी कोणी आपला प्राण दिला असेल असे आपल्या मनात येत नाही. लव्हजॉय ह्यांनी तो दिला.

सावकाश उघडलेले डोळे

लव्हजॉय ह्यांचा जन्म ९ नोव्हेंबर १८०२ रोजी मेन राज्यातील आल्बियन ह्या गावी झाला. वडील डॅनियल लव्हजॉय हे काँग्रिगेशनल मंडळीचे पाळक होते. नऊ भावंडांत एलायजा थोरले. १८२६ साली वॉटरव्हिल कॉलेजातून ते पहिल्या क्रमांकाने पदवीधर झाले आणि पुढच्याच वर्षी पश्चिमेकडे, मिसिसिपी नदीच्या काठी असलेल्या सेंट लुइस शहरी आले. प्रथम शिक्षकी केली, मग 'सेंट लुइस टाइम्स' ह्या पत्राचे भागीदार व संपादक झाले. बुद्धी होती, लेखणी होती, राजकारणाची आवड होती. तारणाविषयी मात्र मन थंड होते.

सेंट लुइस मिझूरी राज्यात होते आणि मिझूरीत गुलामगिरी कायदेशीर होती. माणसे विकली जात, विकत घेतली जात, भाड्यानेही दिली जात. लव्हजॉय ह्यांच्या त्या छापखान्यात विल्यम नावाचा एक काळा मुलगा कामाला होता. त्याच्या धन्याने त्याला भाड्याने दिले होते, म्हणजे राबणारे हात मुलाचे आणि पैसा धन्याचा. पुढे रक्तसाक्षी झालेला हा माणूस त्या दिवसांत गुलामाच्या कष्टावर आपले पत्र काढीत होता आणि त्यात त्याला काही विपरीत वाटत नव्हते. बंधुजनहो, हे मी झाकून ठेवीत नाही, कारण ह्यातच आपल्यासाठी आशा आहे. देवाने ज्याला साक्षीसाठी बोलावले तो आरंभापासून डोळस नव्हता. ह्या मुलाची आठवण ठेवा. शेवटी तो पुन्हा आपल्याला भेटणार आहे.

१८३२ साली सेंट लुइसमध्ये डेव्हिड नेल्सन नावाच्या सेवकाच्या संजीवन सभा झाल्या. त्या सभांत लव्हजॉय ह्यांनी आपले जीवन प्रभूला दिले. ते पूर्वेकडे जाऊन प्रिन्स्टनच्या सेमिनरीत शिकले आणि १८३३ साली त्यांना उपदेशाचा परवाना मिळाला. त्याच वर्षी नोव्हेंबरात सेंट लुइसला परत येऊन त्यांनी 'ऑब्झर्व्हर' नावाचे धार्मिक साप्ताहिक सुरू केले.

आरंभी त्या पत्रात गुलामगिरीविषयी फार काही नव्हते. गुलामांना एकदम मुक्त करा म्हणणाऱ्यांत ते नव्हते. ही प्रथा हळूहळू जावी एवढेच त्यांचे मत होते. त्याच पत्रात त्यांनी रोमन कॅथॉलिक ख्रिस्ती लोकांविरुद्ध अतिशय कडवट लिखाण केले. ते त्यांना शोभले नाही आणि आपणही ते शोभिवंत करू नये. शेजाऱ्यावर प्रीती करा हे त्यांना एका शेजाऱ्याविषयी उमगत होते, दुसऱ्याविषयी उमगले नव्हते. आपले तरी ह्याहून निराळे कोठे आहे?

पण एकदा डोळा उघडू लागला की मिटून घ्यायचा नाही एवढे त्यांनी केले. नदीच्या धक्क्यावर साखळीने बांधून दक्षिणेकडे नेली जाणारी कुटुंबे, रविवारी प्रभुभोजनाला बसून सोमवारी माणूस विकणारे सभासद, हे सारे त्या शहरात रोज घडत होते. ते पाहून पाहून त्यांची लेखणी बदलत गेली.

सज्जनांची विनंती

लव्हजॉय ह्यांचे तोंड बंद करण्याचा पहिला प्रयत्न गुंडांनी केला नाही, सज्जनांनी केला. ऑक्टोबर १८३५ मध्ये सेंट लुइसच्या काही प्रतिष्ठित नागरिकांनी त्यांना एक पत्र लिहिले. त्यांत त्यांचे मित्र आणि चर्चमधले लोकही होते. पत्राची भाषा सभ्य होती. गावातले वातावरण तापले आहे, तेव्हा गुलामगिरीचा विषय आपण आपल्या पत्रातून वगळावा, एवढीच विनंती. तुमचे म्हणणे खोटे आहे असे पत्रात नव्हते. ही वेळ नव्हे, एवढेच होते.

लव्हजॉय ह्यांनी उत्तर छापले. त्याचा आशय असा, की मी कोणाचे वाईट चिंतीत नाही, पण लिहिण्या-बोलण्याचा जो हक्क मला देवाने व देशाच्या घटनेने दिला आहे तो मी जमावाच्या पायांशी ठेवणार नाही. आज एका विषयावर गप्प बसलो तर उद्या दुसऱ्या विषयावर बसावे लागेल, आणि मग सोडण्यासारखे काही उरणार नाही.

पुढच्या वर्षी त्या सज्जनांच्या शांततेचे खरे रूप दिसले. २८ एप्रिल १८३६ रोजी फ्रान्सिस मॅकिंटॉश नावाच्या काळ्या माणसाला सेंट लुइसमध्ये जमावाने जिवंत जाळले. तो गुलाम नव्हता, आगबोटीवर काम करणारा स्वतंत्र माणूस होता. अटक होत असता त्याने एका शिपायाला भोसकून ठार केले होते, हे खरे. त्याच्यावर खटला चालला असता तर न्यायाने शिक्षा झाली असती. जमावाने त्याला तुरुंगातून ओढून काढले, झाडाला साखळीने बांधले आणि मंद आचेवर जाळले. पाहणाऱ्यांची गर्दी मोठी होती. पुढे हे प्रकरण ज्युरीपुढे आले तेव्हा न्यायाधीश लॉलेस ह्यांनी असे मत दिले की हे कृत्य थोड्या माणसांचे नसून हजारोंचे असेल, तर ते मानवी कायद्याच्या कक्षेपलीकडे जाते. एवढ्यावर न थांबता त्यांनी लव्हजॉय ह्यांच्या पत्रावरच ठपका ठेवला.

पुष्कळांनी मिळून केलेले पाप हे पापच नव्हे! बंधुजनहो, हे वाक्य कोर्टात बोलले गेले म्हणून आपल्याला धक्का बसतो. पण 'सगळेच करतात' हे आपण घरात आणि चर्चमध्ये किती सहज बोलून जातो!

आणि चर्च काय करीत होते? त्याच वर्षी पिट्सबर्ग येथे प्रेस्बिटेरियन चर्चची महासभा भरली. तिच्यापुढे गुलामगिरीचा विषय आला आणि महासभेने तो बेमुदत पुढे ढकलला. पट जाळू नका म्हणणारे सरदार तरी यहोयाकीमाच्या महालात होते. येथे बहुतेकांनी शेगडीकडे पाहायचेच नाही असे ठरविले.

चार वेळा

लव्हजॉय ह्यांनी न्यायाधीशांविरुद्ध लिहिले तेव्हा त्यांच्या छापखान्यावर हल्ला झाला. त्यांनी बिऱ्हाड हलवून नदीपलीकडे, थोडे वरच्या अंगाला असलेल्या आल्टन गावी जाण्याचे ठरविले. आल्टन इलिनॉय राज्यात होते आणि तेथे गुलामगिरी नव्हती. जुलै १८३६ मध्ये त्यांचे छापयंत्र आगबोटीने आल्टनच्या धक्क्यावर उतरले. तो प्रभुवार होता. प्रभूच्या दिवशी यंत्र हलविण्याचे काम करायचे नाही म्हणून ते काठावर तसेच ठेवले. रात्री कोणी तरी ते फोडून मिसिसिपीत फेकून दिले. हे पहिले.

आल्टनच्या लोकांना लाज वाटली. त्यांनी सभा घेतली, वर्गणी करून दुसरे यंत्र आणविले. 'आल्टन ऑब्झर्व्हर' निघू लागला. वर्षभर तो चालला, त्याचे वाचक वाढले. पण १८३७ साली अमेरिकेत व्यापाराची मोठी मंदी आली. आल्टनचा व्यापार दक्षिणेकडच्या गुलामधारी राज्यांशी होता, आणि ह्या पत्रामुळे गिऱ्हाईक तुटेल अशी भीती व्यापाऱ्यांना वाटू लागली. जुलै महिन्यात लव्हजॉय ह्यांनी इलिनॉयमध्ये गुलामगिरीविरोधी संस्था स्थापण्याची हाक दिली. ऑगस्टात जमावाने छापखान्यात शिरून यंत्र मोडले, खिळे रस्त्यावर विखरून टाकले. हे दुसरे. सप्टेंबरात तिसरे यंत्र आले. लव्हजॉय बाहेरगावी होते. मेयरने पहाऱ्याला माणूस ठेवला, पण ठरलेली वेळ संपताच तो निघून गेला. मग जमाव आला आणि ते यंत्रही नदीत गेले.

ह्या दिवसांत लव्हजॉय ह्यांच्या घरी काय चालले होते ते पाहा. १८३५ साली त्यांचे सिलिया फ्रेंच ह्यांच्याशी लग्न झाले होते. एक लहान मुलगा होता. सिलियाबाईंची प्रकृती नाजूक. ऑक्टोबर १८३७ मध्ये ते सेंट चार्ल्स गावी सासूबाईंच्या घरी गेले असता रात्री जमाव घरात घुसला आणि त्यांना ओढू लागला. सिलियाबाई त्या माणसांना हातांनी मारीत, ढकलीत नवऱ्याला बिलगून राहिल्या. त्या रात्री ते वाचले. आल्टनला परतल्यावर पुष्कळ दिवस उशाशी भरलेली बंदूक ठेवून त्या घरात झोप घेतली जात होती. साक्ष देणाऱ्याचे नाव पुस्तकात येते. त्याच्या घरच्यांची भीती मात्र देवालाच ठाऊक असते.

३ नोव्हेंबर १८३७ रोजी आल्टनमध्ये नागरिकांची सभा भरली. तडजोड म्हणून एक ठराव पुढे आला. त्याचे सार असे, की गावाच्या हितासाठी व शांततेसाठी लव्हजॉय ह्यांनी पत्राशी संबंध सोडावा. जमावाला आवरण्याचा शब्द त्यात नव्हता. लव्हजॉय उठले. त्यांनी विचारले की मी कोणता कायदा मोडला आहे? मोडला असेल तर खटला भरा, कोर्ट आहे, तुरुंग आहे. नसेल, तर मला राहू का देत नाही? ते म्हणाले की मी बायकामुलांचा विचार केला आहे. एकदा मी शहर सोडले. आता येथून पळालो तर पुढे कोठेही हाच प्रसंग येईल. माणसांपेक्षा देवाचे भय मला अधिक आहे. मरण आलेच तर माझी कबर आल्टनलाच होईल. बोलता बोलता त्यांना रडू आले आणि सभेतल्या अनेकांचे डोळे भरले. पण ठराव बदलला नाही.

सात नोव्हेंबरची रात्र

७ नोव्हेंबरच्या पहाटे चौथे यंत्र आगबोटीने आले आणि गॉडफ्री व गिलमन ह्यांच्या दगडी वखारीत ठेवले गेले. त्या रात्री सुमारे वीस माणसे वखारीत राखणीला राहिली. लव्हजॉय त्यांत होते. अंधार पडल्यावर जमाव आला. यंत्र द्या, नाहीतर वखार जाळू, असा निरोप आला. तो निरोप घेऊन आत येणारे स्वतः गावचे मेयर होते. गिलमन ह्यांनी नकार दिला. दगड आले, गोळ्या झाडल्या गेल्या. आतूनही गोळी सुटली आणि बाहेरचा बिशप नावाचा तरुण मरण पावला. एका पाळकाच्या पत्नीने चर्चची घंटा वाजविली. घंटा गावभर ऐकू गेली, पण जमावाला थोपविण्याइतके हात पुढे आले नाहीत.

वखारीच्या लाकडी छपराला शिडी लावून आग लावण्याचा प्रयत्न सुरू झाला. लव्हजॉय व दुसरा एक जण बाहेर धावले आणि त्यांनी शिडी ढकलून दिली. शिडी पुन्हा लागली. लव्हजॉय पुन्हा बाहेर पडले. ह्या वेळी दबा धरून बसलेल्यांनी नेम साधला. पाच गोळ्या लागल्या. ते आत आले आणि कोसळले. बाकीच्यांनी हार मानली. जमावाने यंत्र खिडकीतून खाली टाकले, फोडले आणि तुकडे नदीत फेकले. हे चौथे.

९ नोव्हेंबर रोजी त्यांना पुरले. त्या दिवशी ते पस्तीस वर्षांचे झाले असते. पुढे जानेवारीत खटले झाले. वखार राखणाऱ्यांवर खटला झाला, वखार फोडणाऱ्यांवरही झाला, आणि दोन्हीकडचे सुटले. खुनाबद्दल कोणालाही शिक्षा झाली नाही.

त्या बंदुकीविषयी

येथे एक प्रश्न तुमच्या मनात आला असेल. सुवार्तेच्या सेवकाने बंदूक हाती घ्यावी काय? तो प्रश्न त्या वेळीही विचारला गेला. बॉस्टनला 'लिबरेटर' हे गुलामगिरीविरोधी पत्र चालविणारे विल्यम लॉइड गॅरिसन ह्यांनी लव्हजॉय ह्यांच्या मरणाबद्दल शोक केला, पण शस्त्र उचलले ह्याचे त्यांना दुःख वाटले.

मी ह्याचे उत्तर सोपे करून सांगणार नाही. बागेत पेत्राने तरवार काढली तेव्हा प्रभूने ती म्यानात घालायला सांगितले आणि शत्रूच्या सेवकाचा कान बरा केला. बाहेर पडलेला तो बिशप नावाचा तरुणही कोणाचा तरी मुलगा होता. दुसरीकडे हेही खरे की ती माणसे कोणावर चालून गेली नव्हती. कायद्याने राखायला हवे होते ते राखायला कोणी आले नाही म्हणून ती उभी राहिली होती. मला एवढेच म्हणायचे आहे की लव्हजॉय ह्यांची साक्ष त्या बंदुकीत नव्हती. बंदुकीने यंत्र वाचले नाही, माणूसही वाचला नाही. साक्ष होती ती त्या चार वर्षांच्या लेखणीत, आणि दुसऱ्यांदा शिडीकडे धावणाऱ्या पावलांत.

आणखी एक प्रश्न. यिर्मयाला व बारूखाला पकडण्याची आज्ञा राजाने केली तेव्हा परमेश्वराने त्यांना लपविले. मग लव्हजॉय ह्यांना का लपविले नाही? यिर्मयाचाच सव्विसावा अध्याय वाचा. उरीया नावाचा संदेष्टा यिर्मयासारखेच बोलत होता. तो मिसरात पळाला. ह्याच यहोयाकीमाने त्याला तेथून धरून आणविले आणि ठार केले. राजा एकच, वचन एकच. एक लपविला गेला, एक मारला गेला. इब्री लोकांस पत्राच्या अकराव्या अध्यायात काही विश्वासाने तरवारीपासून वाचले आणि काही विश्वासानेच तरवारीने मेले. दोघेही एकाच यादीत आहेत. वाचणे हे विश्वासाचे प्रमाणपत्र नव्हे आणि मरणे हे देवाने टाकल्याची खूण नव्हे.

दुसरा पट

आता आपल्या अध्यायाच्या शेवटाकडे येऊ. पट जळाला. पुन्हा कोणी लिहिला?

लव्हजॉय ह्यांचे धाकटे भाऊ ओवेन ह्यांनी भावाच्या मृतदेहापाशी प्रतिज्ञा केली की ज्या कार्यावर ह्याचे रक्त सांडले ते मी सोडणार नाही. ते इलिनॉयमधील प्रिन्स्टन गावी पाळक झाले. पळून आलेल्या गुलामांना त्यांच्या घरी आसरा मिळे. १८५७ पासून १८६४ साली मरेपर्यंत ते अमेरिकन काँग्रेसचे सभासद आणि लिंकनचे विश्वासू मित्र होते. त्या लिंकननी, अठ्ठावीस वर्षांचे तरुण वकील असता, २७ जानेवारी १८३८ रोजी स्प्रिंगफिल्ड येथे भाषण केले. छापयंत्रे नदीत फेकणाऱ्या, संपादकांना गोळ्या घालणाऱ्या जमावाचा उल्लेख करून त्यांनी श्रोत्यांना सावध केले की कायदा असा तुडविला गेला तर हे राष्ट्र टिकणार नाही. लव्हजॉय ह्यांना जाऊन तेव्हा तीन महिनेही झाले नव्हते.

बॉस्टनच्या फॅन्युइल हॉलमध्ये डिसेंबर १८३७ मध्ये सभा भरली. राज्याच्या एका बड्या अधिकाऱ्याने तेथे लव्हजॉय ह्यांना दोष दिला, तेव्हा वेंडेल फिलिप्स नावाचा तरुण वकील उठला आणि त्याने असे उत्तर दिले की त्या दिवसापासून त्याचे सारे आयुष्य ह्याच कार्याला लागले. ओहायोमध्ये एका प्रार्थनासभेत जॉन ब्राउन ह्यांनी हात वर करून गुलामगिरीच्या नाशाला आपले जीवन वाहिले. पुढे त्यांनी तरवारीची वाट धरली आणि १८५९ साली ते फाशी गेले. एकाच रक्तातून एक कायद्याकडे गेला, एक वाणीकडे, एक तरवारीकडे. बी पेरणाऱ्याच्या हाती सगळे पीक नसते.

शेवटी १८६५ साली अमेरिकेच्या घटनेतील तेराव्या दुरुस्तीने गुलामगिरी नाहीशी झाली. मोठे युद्ध होऊन, लाखो माणसे मरून ती गेली. तीस वर्षांपूर्वी सज्जनांनी 'ही वेळ नव्हे' म्हटले होते. त्या ढकललेल्या वेळेचे मोल असे चुकवावे लागले.

ह्याची लाट आपल्यापर्यंतही आली आहे. ज्या अमेरिकन मंडळ्यांत लव्हजॉय ह्यांचे वडील पाळक होते, त्याच परंपरेतील मंडळ्यांनी पाठविलेले मिशनरी १८१३ साली मुंबईस उतरले आणि पुढे अहमदनगरास त्यांनी १८४२ साली 'ज्ञानोदय' सुरू केला. आणि १८७३ साली महात्मा जोतीराव फुले ह्यांनी 'गुलामगिरी' हे पुस्तक लिहिले तेव्हा ते अमेरिकेतील गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केले. त्या लोकांत लव्हजॉय येतात. जोतीराव ख्रिस्ती नव्हते. पण मिसिसिपीकाठी सांडलेल्या रक्ताचा अर्थ आपल्या पुष्कळ चर्चवाल्यांच्या आधी त्यांनी ओळखला.

आणि तो मुलगा? छापखान्यात काम करणारा विल्यम? तो १८३४ सालच्या पहिल्या दिवशी गुलामगिरीतून पळाला. त्याने विल्यम वेल्स ब्राउन असे नाव धारण केले. १८४७ साली त्याने आपली जीवनकथा छापून प्रसिद्ध केली, आणि पुढे तो मोठा वक्ता व ग्रंथकार झाला. त्या जीवनकथेत त्याने लव्हजॉय ह्यांना चांगला धनी म्हटले आहे, आणि गुलाम असता जे काही थोडे शिक्षण मिळाले ते मुख्यतः त्यांच्यामुळे व त्या छापखान्यातल्या कामामुळे मिळाले असे कृतज्ञतेने नमूद केले आहे.

बंधुजनहो, हा आपला बारूख. ज्याच्या कष्टाचा पैसा दुसऱ्याच्या खिशात जात होता, त्याच्या बोटांना खिळ्यांची काळी शाई लागली आणि ती निघाली नाही. लव्हजॉय ह्यांचे यंत्र नदीच्या तळाशी गेले, आणि ज्याच्या वतीने ते बोलत होते तोच उठून स्वतःच्या हाताने लिहू लागला. दुसरा पट पहिल्यापेक्षा मोठा झाला तो असा.

आपल्या मंडळ्यांसाठी

महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्या मराठी मंडळ्या लहान आहेत. चाळीस-पन्नास घरे, सगळी एकमेकांची सोयरी. अशा ठिकाणी शांततेला फार किंमत असते. कोणी दुखावले तर एक घर तुटते, एक बाक रिकामे होते. म्हणून आपण पुष्कळ गोष्टी बोलत नाही. प्रभुभोजनाच्या मेजाशी आपण सारे एक, पण मुलीचे स्थळ पाहताना आपण हळूच विचारतो, 'ते मूळचे कोण?' बाप्तिस्म्याने धुतलेली जात आपण लग्नाच्या बैठकीत पुन्हा अंगावर घेतो. कोणी पाळकाने ह्याविषयी उपदेश केला की घरी जाताना आपण म्हणतो, 'पाळकसाहेब बोलले ते खरेच, पण आता नको होते. वातावरण बिघडते.'

सेंट लुइसच्या सज्जनांच्या पत्रात आणि आपल्या ह्या बोलण्यात किती अंतर आहे? आपल्या हाती चाकू नाही. आपण पट जाळीत नाही. शेगडीजवळ उभे राहून, जाळू नका असे एकदा म्हणून, आपण गप्प बसतो, एवढेच.

तुम्हाआम्हाला बहुधा कोणी गोळ्या घालणार नाही. आपल्याला फारतर एखाद्या लग्नाचे आमंत्रण येणार नाही, पंचमंडळाच्या निवडणुकीत मते कमी पडतील, एखादा मेहुणा वर्षभर बोलणार नाही. एवढ्याच किमतीला सत्य मिळत असता आपण ते महाग म्हणतो. लव्हजॉय ह्यांच्याकडून मी एक गोष्ट घेतली आहे, तीच तुम्हाला देतो. धैर्य त्यांना एका रात्रीत मिळाले नाही. जे दिसले ते न दिसल्यासारखे करायचे नाही, एवढाच नेम त्यांनी पाळला. बाकीचे देवाने त्यांच्याकडून पावलोपावली करून घेतले.

१९१५ साली मिसिसिपीच्या काठी त्या चौथ्या यंत्राचा एक लोखंडी भाग सापडला. तो आल्टनमध्ये जपून ठेवला आहे. अठ्ठ्याहत्तर वर्षे पाण्यात व गाळात राहून लोखंड वर आले. आपण कोणकोणते खरे शब्द गाळात दाबले आहेत ते ह्या आठवड्यात प्रत्येकाने प्रभूपुढे आठवून पाहावे, आणि त्यांतला एक तरी पुन्हा लिहावा, पुन्हा बोलावा, प्रीतीने पण स्पष्ट.

प्रार्थना करू या.

हे प्रभु, तुझे वचन आम्ही ऐकले आणि आमच्या सोयीप्रमाणे कापले, ह्याची आम्हाला क्षमा कर. जे आम्हाला अजून दिसत नाही ते दाखीव, आणि दाखविल्यावर डोळे मिटू देऊ नको. जे सत्यासाठी एकटे उभे आहेत त्यांच्या घरच्यांना धीर दे. घंटा वाजेल तेव्हा आम्हाला घरात बसू देऊ नको. आणि आमच्या हातून पट जळाला असेल, तर दुसरा पट लिहिण्यासाठी आम्हाला शाई दे, हात दे, आणि एक बारूख दे. प्रभु येशू ख्रिस्ताच्या नावाने मागतो. आमेन.